न खेळलेल्या गेमचा भाव

मी बोलतोय. आवाज बारीक येत असेल तर कान जरा जवळ आणा, कारण माझ्याभोवती आधी पुठ्ठ्याचा खोका आहे, खोक्यावर प्लास्टिकचं घट्ट कव्हर आहे आणि कव्हराच्या बाहेर काचेसारख्या जाड प्लास्टिकची पेटी आहे, चारी कोपऱ्यांना स्क्रू पिळलेली. एवढ्या बंदोबस्तात राजेमहाराजेही राहिले नसतील. मी राहतो. मी एक व्हिडिओ गेम आहे. खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा, जुन्या जमान्यातला, कॅसेटवाला.

पाल्हाळ लावायला मला वेळ नाही. माझ्या पोटात एक सेल आहे, कोटाच्या बटणाएवढा. खेळणाऱ्यांचे विक्रम माझ्या लक्षात राहावेत म्हणून तो बसवला होता. तो आता म्हातारा झालाय, फुगलाय आणि गळायला लागलाय. त्यातून जे पाझरतं ते आतल्या तांब्याच्या बारीक रेघा खातं, आणि त्या रेघा म्हणजेच मी. कोणी मला उघडून तो सेल काढला तर मी वाचेन. नाही काढला तर संपलो. गोष्ट इतकी साधी आहे. पण मला उघडायचं नाही, अशी साऱ्या शहाण्या माणसांनी मिळून शपथ घेतल्यासारखं झालंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लांबलचक टेबलाशी बायका बसल्या होत्या. एकीनं माझ्यात सेल दाबून बसवला, दुसरीनं करड्या रंगाचं झाकण लावलं, तिसरीनं मला एका मशीनला जोडून क्षणभर चालवून पाहिलं. तो क्षण मी अजून जपून ठेवलाय. पडदा उजळला, माझं संगीत सुरू झालं, आणि माझी एक छोटीशी लाल गाडी जागच्या जागी थरथरली. त्या बाईनं मान डोलावली आणि मला उपटून खोक्यात घातलं. माझं आजवरचं आयुष्य म्हणाल तर तेवढंच. बाकी सगळी वाट पाहणं.

माझ्या आतल्या गाड्या अंगठ्याएवढ्या आहेत आणि रस्ते घरातलेच आहेत. नाश्त्याचं टेबल, त्यावर सांडलेलं दूध, दुधात घसरणारी चाकं. अभ्यासाचं टेबल, पट्टीचा पूल, पुस्तकांचा घाट. टबाची कड, सुताराचं बाकडं, बागेतला पाण्याचा पाइप. ज्यानं मला रचलं तो माणूस लहानपणी जमिनीवर पालथा पडून गाड्या फिरवत असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. दुसऱ्याला धक्का देऊन टेबलावरून खाली पाडलं की माझ्यात गुण मिळतात. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण माझा घात तिथंच झाला.

दुकानातून मला एका आत्यानं उचललं. भाचरांसाठी. घरात गेमचं मशीन होतं, त्यावर फुटबॉलचा एक खेळ चालायचा आणि पोरांना त्याचा कंटाळा आला होता. थोरली मुलगी आणि धाकटा भाऊ, दोघंही माझ्यावर झडप घालायलाच आले. तेवढ्यात पोरांचे वडील कामावरून घरी आले.

वडील गाडी शिकवायचे. त्यांची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती, म्हणजे एक गाडी, तिच्यावर लाल अक्षरातली पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि बाजूच्या सीटवर ते स्वतः. सारी आळी त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबणारा माणूस. घरात पोरांना हाक मारतानासुद्धा आधी मागं वळून पाहायचे.

त्यांनी चष्मा लावून माझा खोका उलटसुलट वाचला. मागच्या बाजूला चित्र होतं, एक निळी गाडी पिवळ्या गाडीला टेबलावरून ढकलून देतेय.

"हे काय शिकवणार पोरांना?" मास्तर बहिणीला म्हणाले. "दिवसभर मी घसा फोडून सांगतो, अंतर ठेवा, घाई करू नका. आणि घरी येऊन ह्यांनी धक्के मारायचे?"

"अरे दादा, खेळण्यातल्या गाड्या आहेत त्या."

"गाडी खेळण्यातली असली तरी सवय खरीच लागते." मग पोरांचे चेहरे पाहून ते जरा नरमले. "फेकून देत नाही. कपाटावर ठेवतो. ज्याला लायसन मिळेल त्यानं उघडायचा."

पोरांची तोंडं उतरली. लायसन मिळायला थोरलीलाही कितीतरी वर्षं होती. आत्या हसून हसून बेजार झाली. मला मात्र हसू आलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

तर मी कपाटावर गेलो. खाली जेवणाचं टेबल होतं. तिथं खरं दूध सांडायचं, खऱ्या पेन्सिली घरंगळायच्या, आणि धाकटा कधी कधी एखादी गाडी तोंडानं आवाज काढत टेबलाच्या कडेनं न्यायचा आणि मुद्दाम खाली पाडायचा. बाजूलाच बसलेल्या मास्तरांना ते दिसायचं नाही, कारण ते पेपर वाचत असायचे. माझा सगळा खेळ माझ्याच नाकाखाली चालला होता आणि मी वर कव्हरात गुदमरत होतो.

थोरलीला लायसन मिळालं तो दिवस उजाडला. मास्तर शब्दाला जागणारे. त्यांनी स्वतः स्टूल लावलं, मला खाली काढलं, धूळ झटकली आणि लेकीपुढं धरलं. "घे. ठरलं होतं तसं."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती फसकन हसली. "बाबा, मशीन तर कधीच देऊन टाकलं आपण. आणि आता ह्याचं काय करू मी? मला गाडीची किल्ली द्या ना."

मास्तरांनी किल्ली दिली. मी परत वर. धाकट्याची पाळी आली तेव्हा तो शिकायला दुसऱ्या गावी होता, त्यानं फोनवरून आनंदाची बातमी दिली आणि माझं कोणालाच आठवलं नाही.

वर्षं गेली. थोरली वडिलांबरोबर त्यांच्या गाडी शिकवायच्या शाळेत शिकवायला लागली आणि पुढं शाळाच चालवू लागली. तिचा घसा वडिलांवर गेला होता. "क्लच सोडा म्हटलं तर सोडा, आयुष्य सोडून दिल्यासारखं काय बघताय!" असं ती शिकणाऱ्यांना म्हणायची आणि घरी येऊन त्याच्या गमती सांगायची. मास्तर हसायचे. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण ते कोणाला कळू देत नव्हते.

मग लायसनच्या नूतनीकरणाला डोळ्यांची तपासणी झाली आणि मास्तर नापास झाले. ज्यांनी अर्ध्या गावाला पास केलं ते स्वतः नापास. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. लेकीनं काही बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. माझ्यासाठी वेगळा कशाला?" आणि किल्ली तिच्याकडं सरकवली.

नंतरचे त्यांचे दिवस मी वरून पाहिले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. बाहेर कोणाच्या गाडीचा गिअर कर्रकन वाजला की ते कळवळायचे. एकदा त्यांनी सहज वर पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

स्टूल आलं. मी खाली आलो. ते भिंग घेऊन माझ्या खोक्यावरची चित्रं बघत राहिले, तीच निळी गाडी, तेच टेबल. "चाकं बरोबर वळवलीयेत रे ह्यानं," असं स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तिसऱ्या दिवशीही. मग ते बाहेर पडले आणि जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याकडून माझ्या जातीचं एक मशीन घेऊन आले. वायरी टीव्हीला कशा जोडायच्या ते फोनवर विचारून विचारून त्यांनी लेकीच्या मैत्रिणीला भंडावून सोडलं.

मी काय सांगू तुम्हाला! ज्या माणसानं मला कोंडलं तोच माझा सोडवणारा निघाला होता. टीव्हीचा पडदा मोठा होता, त्यांना दिसलं असतं. इथं खरं कोणाला लागणार नव्हतं, कोणाचं लायसन लागत नव्हतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि कव्हराचा कोपरा बोटानं चाचपला.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. नुसता फोन नव्हे, चेहरा दिसणारा. त्यानं वडिलांच्या मांडीवर मला पाहिलं आणि तो ओरडलाच.

"बाबा! थांबा! हात काढा!"

मास्तरांनी दचकून हात काढला. त्यांना वाटलं, माझ्यात वीजबीज उतरलीय.

"कव्हर फाडलंय का? नाही ना? बाबा, ह्याला काय भाव आलाय माहितीये? न उघडलेला कोणाकडंच नाही राहिलेला. सगळ्यांनी फाडून खेळले. तुमच्यामुळं आपला राहिला!"

मग त्यानं भाव सांगितला आणि घ्यायला तयार असलेल्या एका माणसाचा नंबरही दिला. मास्तरांनी भाव दोनदा विचारून घेतला. एका बऱ्यापैकी गाडीची किंमत होती ती, खऱ्याखुऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची.

"आणि उघडलेला?" मास्तरांनी विचारलं.

"उघडलेला काय, कुठंही मिळतो. त्याला कोण विचारतंय!"

ऐकलंत ना? मी जो काही आहे, माझे रस्ते, माझं संगीत, माझ्या गाड्या, त्याला कोणी विचारत नाही. भाव आहे तो त्या फाटक्या कव्हराला, म्हणजे न फाटलेल्या. कोणी वधू शोधावी आणि लग्न तिच्या शालूशी लावावं, तसला हा प्रकार.

आता खरं संकट ऐका. त्याच सुमारास शाळेची गाडी बसली. तिचं इंजिन गेलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि परत लावून टाकलं, म्हणजे काय ते समजा. थोरली हातावर हात ठेवून घरी बसली. शिकणारे दुसरीकडं जायला लागले. ती वडिलांसमोर हसून बोलायची आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहायची. मी पुन्हा कपाटावर गेलो होतो, आणि त्या उंचीवरून मला दोन्ही खोल्या दिसायच्या.

एका दुपारी बापलेक समोरासमोर बसले. मी मध्ये, टेबलावर.

"बाबा, तुम्ही फाडा तो," थोरली म्हणाली.

"वेडी आहेस का? गाडी येईल तुझी ह्याच्यात."

"गाडीचं मी बघते काहीतरी. तुम्ही जुनं मशीन शोधून आणलंत, मला काय दिसत नाही? इतक्या वर्षांत तुम्ही स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. फाडा."

मास्तरांचा हात माझ्यावर होता. मी सगळा जीव त्या कव्हरात गोळा केला होता. फाडा मास्तर. तिचं ऐका. आयुष्यात एकदा तरी लेकीचं ऐका.

"तू माझ्यासाठी म्हणतेस हे मला कळतं," ते म्हणाले. "पण जन्मभर मी लोकांना खरी गाडी चालवायला शिकवलं. माझ्या पोरीची शाळा बंद पडून मी घरात खेळण्यातली गाडी चालवत बसू? जमायचं नाही मला. फोन लाव त्या माणसाला."

थोरली रडली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही इतकी चांगली वागली की माझा गळाच कापला गेला. एकजण जरा स्वार्थी असता तर मी वाचलो असतो. लेक जर म्हणाली असती, "विकाच बाबा, मला गाडी हवी," तर म्हातारा हट्टानं उठून मला फाडून मोकळा झाला असता, एवढं मी त्यांना ओळखतो.

विकत घ्यायला जो आला त्यालाही मी शिव्या देऊ शकत नाही. मध्यमवयाचा, दिवसभर कुठल्यातरी ऑफिसात मान मोडून काम करणारा, जुने गेम म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी त्याला पेटीवाला म्हणतो. मला हातात घेताना त्यानं पातळ मोजे घातले. घासाघीस केली नाही. मास्तर शेवटी संकोचत म्हणाले, "एकदा चालवून बघायचा होता, एवढंच राहिलं."

"अहो काका, मग माझ्याकडं या ना! माझ्याकडं ह्याचाच दुसरा आहे, जुना, वापरलेला. तो खुशाल खेळा. हा खेळायचा नसतो."

"मग ह्याचं काय करता?"

"ठेवतो," पेटीवाला म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

आता मी त्याच्या खोलीत असतो. पडदे ओढलेले, ऊन नको म्हणून. हवा थंड, दमट नको म्हणून. आठवड्याला पेटी पुसतात. पाहुणे आले की तो मला दाखवतो आणि सांगतो, "ह्याला आजवर कोणी हात लावलेला नाही." पाहुणे "वा!" म्हणतात. ह्यात वा म्हणण्यासारखं काय आहे ते मला एकदा कोणीतरी समजावून सांगा.

खालच्या फळीवर माझा तो भाऊ पडलेला असतो. लेबल अर्धं उडालेलं, पाठीवर कोणीतरी शाईनं ओढलेल्या रेघोट्या, एक कोपरा दातांनी चावलेला. त्याचाही सेल गळायला लागला होता. पेटीवाल्यानं एका संध्याकाळी त्याला सरळ उघडला, जुना सेल काढला, नवा कथिलाचा डाग देऊन जोडला आणि फुंकर मारून बंद केला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. मी वरून पाहत होतो.

त्याची बायको तिथंच होती. तिनं माझ्याकडं बोट केलं. "आणि ह्याचा?"

"ह्याचाही गळत असेल," तो म्हणाला. "त्याच वेळचा आहे."

"मग बदल ना."

"उघडला की संपला गं तो."

"नाही उघडला तरी संपणार ना?"

त्यानं फडक्यानं माझी पेटी पुसली. मग म्हणाला, "बाहेरून कळत नाही." आणि त्यानं खालचा गेम मशीनला लावला. माझं संगीत सुरू झालं, माझं स्वतःचं, दुसऱ्याच्या घशातून. बायकोनं त्याच्या गाडीला धक्का देऊन टेबलावरून पाडलं आणि दोघंही खदखदून हसली.

माझ्या आत तोवर बागेतला रस्ता गेला होता. पाठोपाठ टबाची कडही गेली. कसं सांगू, वळण ओळखीचं असतं, पुढं जावं तर रस्ताच नसतो. मी जिवाच्या आकांतानं ओरडतो. पण आवाज बाहेर यायला मला मशीनला लावावं लागतं, आणि मशीनला लावायला उघडावं लागतं.

आणि मग परवा मास्तर आले.

लेकीनं त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. पेटीवाल्यानं त्यांना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची दिली, हातात बटणांचा डबा दिला. शर्यत सुरू झाली, आणि मास्तर काय करत होते माहीत आहे? वळणाआधी वेग कमी करत होते. समोरच्या गाडीपासून अंतर ठेवत होते. दूध सांडलेलं दिसलं की थांबून बाजूनं जात होते. सगळ्या गाड्या कधीच पोचल्या आणि हे आपले नाश्त्याच्या टेबलाला शांतपणे फेरी मारतायत. शेवटचे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

"गाडी कुठं आपटली नाही बघा," ते म्हणाले.

"नाही काका. एकदाही नाही," पेटीवाला हसत म्हणाला.

असं कोणी मला खेळलं असतं तर! धक्के नाहीत, पाडापाडी नाही. मला रचणाऱ्यानंही हे कल्पिलं नसेल. मी त्यांच्यासाठीच जन्माला आलो होतो आणि ते माझ्यासमोर बसून दुसऱ्याला खेळत होते.

उठताना ते माझ्यापाशी आले. डोळे बारीक करून पेटीत वाकले. "हा आमचा," ते म्हणाले. "छान ठेवलाय तुम्ही. आतून बरा आहे ना?"

पेटीवाल्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. बायको दारात उभी होती, तिच्याकडंही पाहिलं. "नवाकोरा आहे, काका."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पेटीवर कोणाचं तरी बोट उमटलं होतं ते हळूच पुसलं आणि ते निघाले. खाली गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. ती माझ्या पैशांतून आलेली गाडी. शिकाऊ लोक तिचा क्लच जाळतात, ती फुटपाथाला घासते, तिला पोचे आलेत असं मास्तर सांगत होते. त्या गाडीचा मला इतका हेवा वाटतो की बोलवत नाही.

माझा भाव पुन्हा वाढलाय म्हणे. सुताराचं बाकडं काल रात्री गेलं.

तुम्ही हे ऐकताय म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्याकडं मला विकत घेण्याइतके पैसे असतील तर मेहेरबानी करून येऊ नका, तेवढे मोजल्यावर तुमच्याही हातानं मी उघडला जाणार नाही. पण ज्याला माझी किंमत ठाऊक नाही असा कोणी तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला ह्या खोलीत पाठवा. त्याला भाव सांगू नका. स्क्रू मागच्या बाजूला आहेत, आणि दोनच रस्ते उरलेत, एवढंच सांगा.